वाळूवर टकटक होत नाही

गुरुराज : नंबर जुळत नाही की हो अण्णा. कंपनीच्या फॉर्मवर शेवटचे आकडे चारशे सात आहेत, आणि या खोक्यातल्या श्वासाच्या मशीनवर नऊशे बारा.

निधी : बघू. बाबा, हे तर नवं मशीन आहे. तीन आठवड्यांपूर्वी बदली म्हणून आलेलं. अजून वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.

बिंदुमाधव : असं का. मग अदलाबदल झाली असेल माझ्याकडून. दोन्ही सारखीच दिसतात.

निधी : एक करडं आहे, एक पांढरं आहे.

बिंदुमाधव : डोळे हल्ली जरा...

निधी : चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांवर नोंदणी क्रमांक घातलेत तुम्ही. एकही चुकला नाही, असं आई सगळ्यांना सांगायच्या.

बिंदुमाधव : कस्तुरी जरा वाढवून सांगायची. दोन चुकले होते.

गुरुराज : जुनं कुठं आहे मग?

बिंदुमाधव : आत. पलंगाशी.

निधी : म्हणजे रोज रात्री तुम्ही तेच लावताय. आणि फोनवर मला सांगता, नवं छान आहे, काही त्रास नाही. ॲपवर रोज झिरो अवर्स दिसत होतं. मला वाटलं, तुमचं वायफाय गंडलंय. बेळ्ळंदूरहून दोन तास ट्रॅफिकमध्ये आले मी आज, सूनबाई म्हणून खोकं उचलायला मदत करावी म्हणून.

बिंदुमाधव : नवं छानच असेल. मी वाईट कुठं म्हटलं.

गुरुराज : अण्णा, स्वल्प माझं ऐका. तुमच्या जुन्या मशीनमध्ये आवाज दाबायला फोम घातलेला असतो. तो कुजतो. त्याची काळी भुकटी होते आणि हवेबरोबर नळीतून छातीत जाते. म्हणून तर सगळी परत मागवली. बोम्मसंद्र्याच्या गोडाऊनमध्ये पाचशे पडलीत.

बिंदुमाधव : फोम कुजला, म्हणजे आवाज वाढणार?

गुरुराज : वाढणारच की.

बिंदुमाधव : तरीच. गेले काही महिने समुद्र जवळ आल्यासारखा वाटत होता.

निधी : कुठला समुद्र?

बिंदुमाधव : काही नाही. असंच.

गुरुराज : जुनं आणा अक्का, एकदा चालवून तास लिहून घ्यायचे असतात. आणि नवं पेशंटला लावून, दहा मिनिटं चालवून दाखवल्याशिवाय माझा फॉर्म पुरा होत नाही. जुनं मिळालं नाही, तर नवंही परत न्यायला सांगितलंय.

निधी : आणते. बाबा, मशीनशिवाय एक रात्रही झोपायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, विसरू नका. हे घ्या. इथं प्लग आहे.

गुरुराज : हे लाल काय? फोमचं तर नाही? फोम काळा असतो.

बिंदुमाधव : कुंकू आहे ते. दसऱ्याच्या आयुधपूजेचं. कस्तुरी लावायची दरवर्षी. शिलाई मशीन, मिक्सर, माझं पेन, आणि हे. सहा बोटं दिसतील तुम्हाला. सहावं माझं आहे, म्हणून वाकडं.

गुरुराज : या ऊरात, या गावात, दर दुसऱ्या मशीनवर असतं अण्णा. पहिल्यांदा मी 'डाग' लिहिलं, तर मुंबईच्या ऑफिसातून फोन, कसला डाग, रासायनिक आहे का. आता मी 'पूजा' लिहितो. सरी, ठीक आहे, चालू करतो.

निधी : बाप रे, केवढं घरघरतंय.

बिंदुमाधव : घरघर नाही. डोळे मिटून ऐक. कारवारचा समुद्र आहे. कस्तुरीचं माहेर. तिच्या माडीवरून असाच यायचा, लांबून.

गुरुराज : पंधरा हजार एकशे दहा तास.

बिंदुमाधव : इतके?

निधी : बाबा, मला नीट सांगा. का नाही द्यायचं हे?

बिंदुमाधव : सांगण्यासारखं नाही. तुम्ही दोघं कामाची माणसं. हसाल.

निधी : नाही हसणार.

बिंदुमाधव : हे सुरू झालं, की स्वप्न पडतं. रोज नाही. वाळू ओली असते. कस्तुरी पुढं चाललेली, चपला हातात. पुष्कळ पुढं गेली की वळते आणि विचारते, झोपलात का?

निधी : आई रोज विचारायच्या ते.

बिंदुमाधव : लग्न झाल्यापासून. आधी मी हूं म्हणायचो. मास्क आला, मग तोंड उघडलं की सगळी हवा बाहेर. म्हणून मी पलंगाच्या लाकडावर दोनदा टकटक करायचो. म्हणजे, नाही, जागा आहे. पाच वर्षं आम्ही असंच बोललो. आधी तरी मी कुठं फार बोलत होतो.

निधी : आणि स्वप्नात?

बिंदुमाधव : स्वप्नात मी वाकून शोधत असतो. लाकूड कुठंच नसतं. मी वाळूवर टकटक करतो. वाळूवर टकटक होत नाही, निधी. ती उभी राहते, वाट बघते, मग चालायला लागते. प्रत्येक वेळी वाटतं, आज एखादी फळी सापडेल.

गुरुराज : बंद करू का अण्णा?

बिंदुमाधव : असू द्या थोडं. त्या रात्री, ती गेली त्या रात्री, तिनं विचारलं की नाही, मला माहीत नाही. मला झोप लागली होती. हे चालू होतं. सकाळी सहाला मास्क काढला आणि म्हटलं, ऊठ, दूधवाला आला. तिनं विचारलं असेल आणि मी टकटक केली नसेल, तर ते तसंच राहिलं. म्हणून म्हटलं, समुद्र घालवू नये. तेवढंच.

निधी : बाबा, रेवाच्या जन्माच्या वेळी आई महिनाभर माझ्याकडं होत्या ना. माझ्या खोलीत झोपायच्या.

बिंदुमाधव : झोपायची? मला म्हणाली, डोळ्याला डोळा लागत नाही तिथं.

निधी : नव्हताच लागत. आम्ही दोघी जाग्या, बाळ जागं. एकदा त्यांनी सांगितलं, मशीन यायच्या आधी तुमचा श्वास घोरता घोरता थांबायचा. थांबला की त्या मोजायच्या. एक, दोन, तीन. एकदा अडतीसपर्यंत गेल्या होत्या.

बिंदुमाधव : मला कधी बोलली नाही.

निधी : तुम्ही काळजी करत बसाल म्हणून. तुम्ही काळजी करणाऱ्यातलेच ना. मग मशीन आलं. त्या म्हणाल्या, आता मोजावं लागत नाही, आवाज आहे म्हणजे हे आहेत.

बिंदुमाधव : आणि टकटक?

निधी : तेही विचारलं मी. म्हटलं, टकटक नाही आली तर घाबरत असाल. तर हसल्या. म्हणाल्या, टकटक आली तर वाटतं, अजून काहीतरी घोळवत पडलेत डोक्यात. नाही आली की समजायचं, लागली झोप. मग मीही कूस बदलते.

बिंदुमाधव : नाही आली की कूस बदलते.

निधी : असंच म्हणाल्या.

बिंदुमाधव : वाढवून सांगत नाहीस ना?

निधी : मला वाढवून सांगता येत नाही. पुण्याची आहे मी.

बिंदुमाधव : बंद करा गुरुराज. नंबर लिहून घ्या. चारशे सात.

गुरुराज : सरी अण्णा. कुंकू पुसू?

बिंदुमाधव : नको. तसंच जाऊ दे.

निधी : चला आत. आडवे व्हा. मास्कचा पट्टा घट्ट होतोय?

बिंदुमाधव : बरोबर आहे. हे चालू झालंय?

गुरुराज : केव्हाच. नव्यात आवाज नसतो.

बिंदुमाधव : काहीच ऐकू येत नाही.

निधी : तुमचा श्वास येतोय ऐकू. मला इथून येतोय. बोलू नका आता, हवा बाहेर जाते. पडून राहा दहा मिनिटं. बाबा, झोपलात का?

(पलंगाच्या लाकडावर दोनदा टकटक.)

निधी : ठीक आहे. आम्ही बाहेर आहोत.

गुरुराज : अक्का, ती टेप धरा जरा. खोकं मोठं आहे, हलायला नको. माझी आजीपण अशीच, रेडिओ दुरुस्तीला देईना.

निधी : मग?

गुरुराज : मग काय, अजून आहे. वाजत नाही, पण आहे. झाली दहा मिनिटं. पेशंटची सही लागते इथं.

निधी : बाबा. बाबा, झोपलात का?

गुरुराज : काही आवाज नाही अक्का. परत हाक मारू?

निधी : नको. हळू बोला. माझी सही चालेल?