बोटभर फट

नाव गुलिझार झाकारोवा, वय ३९ वर्षे, धंदा गालिचे विणणे, राहणार वरची आळी, खुर्ताली, दागेस्तान.

आज ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे:

माझे पती मुर्तझाली हे दोरावर चालत. आमच्या गावात हे घरोघरी करतात, पण डोळे बांधून चालणारे ते एकटेच होते.

गेल्या मार्चमध्ये त्यांना तीन दिवस ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी उठले आणि भिंत धरून खाली बसले. घर फिरतंय म्हणाले. ओकाऱ्या झाल्या. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की, कानाच्या आत शरीराचा तोल कळवणारी नस असते, ती डाव्या बाजूची निकामी झाली आहे. "डोळे उघडे आहेत तोवर चालाल. दोरावर डोळे मिटलेत तर पडाल." येताना बसमध्ये पती मला म्हणाले, "गावात कुणाला बोललीस तर बघ." मी बोलले नाही.

त्यानंतर तोंडाला साबण लावताना ते एका हाताने खांब धरत. हे मी रोज पाहत होते.

ता. १४ जून रोजी दुपारी एकच्या सुमारास, पुतणीच्या लग्नात अंगणात दोन मजले उंच दोर बांधला होता. पती एकदा चालून खाली आले. धाकटे दीर झापीर मोठ्याने म्हणाले, "दादा, एवढं तर आमची कोंबडीपण चालेल! डोळे बांध की!" लोक हसले. पतींनी माझ्याकडे रुमाल मागितला. मी बांधत असताना हळूच म्हणाले, "खाली बोटभर फट ठेव." मी ठेवली.

झापीर जवळ आले. "काय वहिनी, लबाडी करता होय?" असे म्हणून त्यांनी रुमाल नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला. शिडीला हात लावून पतींनी मान माझ्या बाजूला वळवली व थोडा वेळ थांबले. मग चढले.

दोराच्या मध्यावर त्यांचा पाय दोनदा हवेत चाचपडला. वाजंत्री थांबली. ते डावीकडे पडले. इस्पितळात नेईपर्यंत मयत झाले.

नसेचे झापीर यांना माहीत नव्हते. माझी त्यांच्यावर तक्रार नाही.

'मी घाबरून गप्प राहिले' असे साहेबांनी लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मी घाबरले नव्हते. चारचौघांत त्यांची मान खाली जाऊ नये, म्हणून गप्प राहिले. बाकी जे वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणे आहे.