डोंगरावर जीन्स

पायथ्याच्या बसथांब्यावर माझ्या शेजारी एक नवराबायको मित्रांची वाट बघत बसले होते.

"अहो, डोंगर चढायला जीन्स? एवढ्या उकाड्यात? हलकी पँट काढून ठेवली होती ना मी?"

"त्यात पाय काड्यांसारखे दिसतात."

"कोण बघतंय तुमचे पाय?"

"सगळे बघतील. दवाखान्यातून घरी आल्यापासून आज पहिल्यांदा भेटतोय. उगाच माझ्यासाठी हळू चालत बसतील."

"बरं, शर्ट जरा खाली ओढा. पट्ट्याला पाडलेलं नवं भोक दिसतंय."

"आता?"

"आता नाही दिसत. आणि हळू चालायला मीच सांगेन त्यांना. माझा गुडघा दुखतोय म्हणून."

"तुझा गुडघा? कधीपासून?"

"ते आले की दुखायला लागेल."