शेवटाकडून वाचलेला कोश

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लवकर लागेना, तेव्हा एका काकूंचे कान शेजारच्या बाकाकडे वळले. छापखान्यात जन्मभर चुका शोधलेले एक आजोबा तिथे लेकीसोबत बसले होते.

"बाबा, माझा प्रोग्राम चुकलेला शब्द घेतो आणि कोशातला सगळ्यात जवळचा शब्द सुचवतो."

"लाखभर शब्दांतून? इतक्या झटकन?"

"सगळे कुठे बघतो! पहिल्या अक्षराचं पान उघडतो, तिथेच शोधतो."

"आणि पहिलंच अक्षर चुकलं तर?"

"तिथेच तर घोडं अडलंय! भलत्याच पानावर भटकतो. उद्या परीक्षकांपुढे माझं नाक कापलं जाणार."

"वेडाबाई, आम्ही ओळ शेवटाकडून वाचायचो. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे धावतो नि चूक निसटते."

"शेवटाकडून..."

"काय सुचलं गं?"

"बाबा, कोशातला प्रत्येक शब्द उलटाही लिहून ठेवला तर? सुरुवात चुकली, तरी शेवटाकडून शब्द सापडेल! देव पावला! पेन द्या, पेन!"

"आजोबा, चला, तुमचा नंबर," नर्स म्हणाली.

"ताई, पुढच्याला घ्या. लेकीचं लिहून होऊ दे."

पुढचा नंबर काकूंचाच होता. पण त्याही जागच्या हलेनात.