काळ्या पेंडीला रंग कुठला?

…आणि वर बायको मलाच म्हणते, "धूर डोळ्यांत जातोय तर बाहेर बसा." अहो, बाहेर कुठं बसू? बाहेर अख्खी आळी बसली होती त्या दिवशी! तुम्हाला सांगतो, आमच्या सुलुल्ता गावात कुणाच्या तव्यावर काही तडतडलं की शेजारीपाजारी आपापलं बुटकं स्टूल घेऊन हजर. कॉफी भाजली की चार घरांनी यायचं, रिवाजच आहे तसा. आता यांना कोण सांगणार, की तव्यावर कॉफी नाहीये, कारळ्याची पेंड आहे, आणि ती गाईची आहे?

गाय म्हणजे आमची दामा. तांबडी, शहाणी, मागच्या वेताला नऊ लिटर देणारी. यंदा चार लिटरवर आली. पेंड कमी पडली म्हणता? छे हो, वाढवली उलट! पण जितकी जास्त घालावी तितका गोठ्यात मुताचा वास जास्त, डोळ्यांतून पाणी काढणारा… आणि दूध तिथंच. त्यात उपवास चालू, ईस्टरला तीन आठवडे. महिना झाला, ना मांस, ना दूध, ना लोणी. या दिवसांत माणूस गाईकडे बघतो ना, ते बघणंच निराळं असतं. पलीकडचा गुगसा, ईस्टरला आळीनं मिळून कुठलं जनावर कापायचं ते हा ठरवणार, रोज येऊन दामाच्या पाठीवरून हात फिरवायचा. "तेसेमा, दूध नाही, गाभ नाही, कशाला पोसतोस? आम्हाला दे. मानेचा वाटा तुझा." माझ्याच गाईची मान मलाच! मी चिडून म्हटलं, ईस्टरपर्यंत सात लिटरवर आली नाही तर ने. बोलून बसलो.

मग आली पशुखात्याची माहलेत. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची, वास घेतला आणि म्हणाली, "काका, तुमची पेंड मुतातून वाहून चाललीय. गाईला चार पोटं. पहिल्या पोटात कोट्यवधी बारीक जीव राहतात. कच्ची पेंड आली की ते तिच्यावर तुटून पडतात, लागतं त्याहून जास्त तोडतात, आणि जास्तीचं सगळं वाया. बेतानं भाजली तर त्यांना ती सहज तुटत नाही. पुढच्या पोटात जाते, तिथं ती दामाची."

"म्हणजे मी आजवर भाडेकरू पोसत होतो?"

"थोडे पोसायलाच हवेत काका. सगळंच नको."

चार पोटं, तुम्हाला सांगतो, एका गाईला चार पोटं! बारा वर्षं तिच्या पोटाला डोकं टेकून दूध काढतोय, पण आत एवढं गाव वसलंय हे मला कुणी सांगितलं होतं?

आता भाजणार कोण? आमची बायको, अस्कालेच. कॉफी भाजण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण हात सवयीचा ना! कॉफीसारखीच भाजली, खमंग, करपायच्या बेतात. आणि सवयीनंच, कॉफीचा देतात तसा धूर हुंगायला, तवा उचलून पाहुण्यांपुढून फिरवला. गुगसानं दोन्ही हातांनी धूर नाकाशी ओढला, डोळे मिटले.

"वा! कुठली हो ही कॉफी?"

"तेलगिरणीची," अस्कालेच म्हणाली.

दूध आलं तीन लिटरवर. माहलेत म्हणाली, "काकू, जाळलीत. जळकी पेंड चारही पोटं ओलांडून थेट शेणात जाते." चार पोटं, आणि एकालाही दया नाही! आता बेत कळणार कसा? कॉफी हिरवी असते, तांबूस होते, काळी होते. कारळ्याची पेंड मुळातच काळी! रंग बघायचा कशाचा?

दुसऱ्या दिवशी अस्कालेचनं सगळ्यांना हाकललं, मलासुद्धा. मी दाराच्या फटीतून बघतोय… ही डोळे मिटून बसलेली. तवा हलतोय, पेंड कुजबुजतेय, आणि ही ऐकतेय! मधेच एकदा वास हुंगला, मान हलवली, तवा खाली. मला काही म्हणजे काही कळलं नाही. तीस वर्षांच्या संसारात ही बाई मी पहिल्यांदा बघत होतो असं वाटलं.

आठव्या दिवशी ती गोठ्याच्या दारात उभी राहिली, म्हणाली, "वास गेला." खरंच गेला होता! मग दूध पाच. मग सहा. ईस्टरच्या आदल्या दिवशी गुगसा दोर घेऊन आला, स्वतः मापानं मोजलं. सात, आणि वर पेलाभर. मी दामाच्या गळ्यात पडलो, रडलो, लाज कसली त्यात?

गुगसा दोर गुंडाळून गेला. वाटलं, सुटलो. आळीनं बकऱ्यांवर भागवलं. पण सणाच्या तिसऱ्या दिवशी हा परत हजर, पाठीवर स्वतःच्या गाईची पेंड. "वहिनी, माझीही तेवढी भाजून द्या." मागोमाग आळी, प्रत्येकाकडे गोणी. चार पोटं, तुम्हाला सांगतो… आणि आळीत गाई एकोणीस!

आता तवा सकाळी चढतो तो उतरतच नाही. काल न राहवून म्हटलं, "अगं, पाच दिवस झाले, माझी कॉफी?"

तिनं डोळे उघडलेसुद्धा नाहीत. म्हणाली, "हळू बोला, मला ऐकू येत नाहीये."