फोटोत कोण कोण

केतकी : तुमच्या वडिलांच्या पुस्तकाची फाइल परत नापास, अण्णा.

अरिहंत : परत? अहो ताई, सकाळी निपाणीहून आलतो. खडेबाजारात चहा पिऊन पिऊन पित्त चढलं. आता काय अडलं?

केतकी : फॉन्ट अडले, ते फाइलच्या पोटात घातले. रंग अडले, तेही दुरुस्त केले. आता संगणकाची तपासणी म्हणते, फोटोचं वर्णन नाही. बघा की, लाल ओळ.

अरिहंत : आप्पांचं पुस्तक म्हंजे काय, तंबाखूची वखार आणि घरची माणसं. त्याला एवढी कटकट?

केतकी : ग्रंथालय कायमची ठेवणार ना ही फाइल. पुढं कुठल्याही मशीनवर उघडली पाहिजे, आणि दिसत नाही त्याला ऐकता आली पाहिजे. नियम त्यांचे, डोळे मात्र माझे फुटायला आलेत.

अरिहंत : मग नुसतं 'फोटो' असं लिवा आणि सोडा मला.

केतकी : तपासणीला तेवढं चालेल. ऐकणाऱ्याला काय कळणार? सांगा, कोण कोण आहे.

अरिहंत : मधी खुर्चीवर आप्पा. शेजारी आई. मागं काका आणि आक्का. झालं.

केतकी : आणि खाली बसलेल्या बाई? मांडीवर बाळ आहे.

अरिहंत : ती नागुबाई. आमच्या वखारीत तंबाखू निवडायला हुती. बाळ म्हंजे मीच की. माझ्या बाळंतपणात आईनं अंथरूण धरलं, ते लई वर्षं सुटलं न्हाय. नागुबाईनंच वाढवलं मला.

केतकी : आप्पांनी फोटोखाली लिहिलंय, 'मी, माझं कुटुंब आणि इतर'.

अरिहंत : व्हय. इतर म्हंजे ती एकटीच.

केतकी : बदलू का?

अरिहंत : नको, नको! गेलेल्या माणसाच्या लिवण्यात हात घालू मी? काका तर भांडाय उठंल. जाऊ दे ताई, कटाळा आलाय या पुस्तकाचा.

केतकी : नागुबाई आहेत अजून?

अरिहंत : हाय की. काचबिंदूनं डोळे गेलेत. परवा माझा हात धरून इचारत हुती, "पुस्तकात मी हाय न्हवं रं?" म्हटलं, "हाईस की, फोटोत." तर म्हणती, "मग वाचून दाव." आता काय वाचू, सांगा? इतर म्हणून वाचू? गिऱ्हाईक आलंय म्हणून खोटंच सांगून उठलो.

केतकी : अण्णा, हे वर्णन पानावर छापलं जात नाही. आप्पांची ओळ आहे तशीच राहते. मशीन मोठ्यानं वाचतं, तेव्हाच हे ऐकू येतं.

अरिहंत : म्हंजे काकाला दिसणार न्हाय?

केतकी : पान बघून नाही दिसणार.

अरिहंत : आणि नागुबाईला?

केतकी : ऐकू येईल.

(अरिहंत खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसतो.)

अरिहंत : लिवा मग. 'फोटोत पुढं नागुबाई बसलीया.'

केतकी : 'मांडीवर बाळ'?

अरिहंत : बाळ कुणाचं बी असतंय. 'मांडीवर तिचा अरिहंत' असं लिवा.

केतकी : बरं. बाकीचे?

अरिहंत : तिच्या मागनं सगळ्यांची नावं घ्या. आप्पा, आई, काका, आक्का. कुणाला इतर म्हणू नका.

केतकी : झालं. थांबा, तपासणी लावते... अण्णा, पास झाली! सुटलो बाई एकदाचे. देऊ का पेन ड्राइव्हवर?

अरिहंत : त्ये ऱ्हाऊ दे. आधी मशीनला वाचाय लावा, आवाज मोठा करा. फोन लागलाय माझा... हॅलो, नागुबाई? जेवलीस का? बरं, फोन कानाला नीट धर. तू कुठं बसलीयास, त्ये ऐक.