एकच नळ रुसला

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी आठ महिन्यांच्या लेकीला तेल चोळून न्हाणीत नेलं, आणि नळाला दोऱ्याएवढीच धार. मी घाबरून सासऱ्यांना हाक मारली, "मामंजी, टाकी संपली. पोर तेलातच गारठेल."

"एवढ्यात कोण गारठतं गं? आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून बघ."

तिथे धो धो पाणी.

"मग टाकीला कशाला बोल लावतेस? एकच नळ रुसलाय." त्यांनी न्हाणीतल्या नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली. बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या खड्यांनी ती गच्च भरली होती. "घाबरलीस तू एकटीच. पोर बघ, हसतेय."

आता मामंजी नाहीत, लेक शाळेत जाते. जाळी मीच धुते, तेव्हा ते फार आठवतात. तुमचाही एकच नळ बारीक झाला, तर आधी जाळी काढा. शेजारणीलाही सांगा.