खांद्यावरचा हात

नाही, तो फ्लेक्स पूर्ण उघड. अर्धा गुंडाळून कशाला धरतोस? सोफ्यावर टाक, पसर नीट — हं. आता सांग मला, विनय, हा हात कुणाचा? इथं, माझ्या निकिताच्या खांद्यावर. बोटं दिसतायत, अंगठी दिसतेय. मीच सांगते. सुनीलचा हात आहे तो, माझ्या जावयाचा. लग्नाच्या फोटोतून तुम्ही त्याचं तोंड कापलं, छाती कापली, अख्खा माणूस कापला आणि हात तेवढा विसरलात. छापणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याला जेवढं कापायला सांगाल तेवढं तो कापणार. पण तुम्ही चर्चची कमिटी ना रे? तू सेक्रेटरी ना? रविवारी व्यासपीठावर लावायचा फोटो, एकानं तरी डोळे उघडून पाहायचा होता.

रागावू नका म्हणे. का नको रागावू? पूल कोसळला, गाडी नदीत गेली, सगळ्या देशानं शोक पाळला, झेंडे अर्ध्यावर आले — त्या गाडीत माझी पोरगी होती आणि तिच्या शेजारच्या सीटवर तिचा नवरा होता. दोघं एकत्र निघाले, एकत्र गेले. टीव्हीवाल्यांनी दोघांचा फोटो दाखवला, पेपरवाल्यांनी दोघांची नावं छापली. ज्यांना आमच्याशी देणंघेणं नाही त्यांना ते नवरा-बायको दिसले. आणि शरणपूरच्या माझ्या स्वतःच्या माणसांना — जिथं माझा बाप्तिस्मा झाला, माझं लग्न लागलं, जिथं मी तुझ्यासारख्या किती पोरांना शब्बाथ शाळेत मांडीवर घेऊन वचनं पाठ करून घेतली — त्यांना ती एकटीच दिसते. वा.

सभासद नव्हता म्हणतोस. माहितीये मला, मला काय सांगतोस? बौद्धाचा मुलगा, बाप्तिस्मा घेतला नाही, लग्न रजिस्टर पद्धतीनं केलं, म्हणून तुम्ही निकितालाच शिस्तीखाली ठेवलंत. प्रभुभोजन बंद. रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरायला लागलं की ती मान खाली घालून बसायची, शेजारची बाई तिच्या पुढून हात लांब करून ताट पलीकडे द्यायची — मी बघत होते ना, मागच्याच बाकावर असायचे. तेव्हा कुणाला ती 'आपली लाडकी भगिनी' वाटली नाही. आता काय लिहिलंय बघ, किती मोठ्या अक्षरात. आता पाहुणे येणार, नगरसेवक येणार, कॅमेरे येणार, आणि मृत मुलीच्या आईनं, म्हणजे मी, पहिली मेणबत्ती लावायची. शिस्त कधी उठवली रे तिची? मेल्यावर? तसा ठराव तरी केलात का, की आपोआपच उठली?

थांब, मला बोलू दे. तुमचं म्हणणं मला कळलंय. सुनील प्रभूमध्ये निजला, म्हणजे विश्वासात गेला, असं म्हणता येत नाही, म्हणून त्याचं नाव घेता येत नाही. बरं. मग खाली हे काय छापलंय — 'अपघातातील सर्व मृतांसाठी राष्ट्रीय प्रार्थना'. सर्व म्हणजे कोण? त्या गाडीतल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला होता? विचारलंत जाऊन घरोघरी? अख्ख्या देशासाठी तुम्हाला प्रार्थना करता येते आणि माझ्या घरातला एक माणूस त्यात मावत नाही. आणि पाळकसाहेब परवा येऊन सांगून गेले, एस्तेरबाई, देवाची योजना आपल्याला कळत नाही. पुलाच्या खांबात माती भरली ती काय देवानं? माणसानं केलं ते माणसाच्या पदरात घाला ना. उगाच देवाला पुढं करायचं आणि आपण त्याच्या मागं लपायचं.

हळू बोलू? का हळू बोलू? आत कुसाबाई आहेत म्हणून? ऐकू दे त्यांना. सुनीलची आई आहे ती, उपनगरातून रोज दोन रिक्षा बदलून येते माझ्याकडे. आम्ही काही बोलत नाही फारसं. भाजी निवडतो, चहा पितो, ती जाते. त्यांच्या विहारात परवा वंदना झाली, मी गेले होते, तिथं दोघांची नावं घेतली — सुनीलचं आणि निकिताचं, आधी निकिताचं. मला कुणी विचारलं नाही तुमची मुलगी कोणत्या धर्माची. परत येताना कुसाबाईंनी एवढंच विचारलं, 'तुमच्या देवळात पण घेतील ना हो माझ्या पोराचं नाव?' मी म्हटलं, घेतील. का नाही घेणार? छातीवर हात ठेवून सांगितलं मी त्यांना. आता तू हे घेऊन आलास.

तुम्हीच करा म्हणतोस? म्हणजे घरी, माझी मी करू त्याच्यासाठी प्रार्थना? — नाही होत माझ्याच्यानं. त्या दिवसापासून नाही झालेली. गुडघे टेकते, डोळे मिटते, 'हे पित्या' एवढं म्हणते आणि पुढं नुसता संताप येतो. हे तुला सांगायचं नव्हतं. कमिटीत बोलू नकोस, नाहीतर मलाही शिस्तीखाली ठेवाल.

निघालास? बरं. निघताना प्रार्थना करून जायची आपली रीत आहे, मोडू नकोस. कर. माझ्याकडून होत नाही म्हणून तू कर, तुझ्या तोंडून तरी होऊ दे. हे बघ, व्यासपीठ नाही, कॅमेरा नाही, पाळकसाहेब नाहीत, नगरसेवक नाही. मी आणि तू. कुसाबाई, जरा बाहेर या हो, गॅस बंद करून या. इथं बसा, माझ्याजवळ. हा आमचा विनय, चर्चमधून आलाय, प्रार्थना करणार आहे आपल्या पोरांसाठी. डोळे मिटा, काही म्हणायची गरज नाही, नुसतं बसा.

हं, कर सुरू.

— हो, निकिता. — हो, बरोबर आहे, दुःखी कुटुंबाला सांत्वन दे, बरोबर. — देशाला, पुढाऱ्यांना, जखमींना. — हं. — हं, पुढं?

झाली?

डोळे उघडा, कुसाबाई. झाली त्याची. नाही, तुम्ही बरोबर ऐकलंत, सुनीलचं नाव नाही घेतलं त्यानं. तुमचं काही चुकलं नाही.

विनय, आमेन तू म्हणालास. मी नाही म्हटलं. हा तुझा फ्लेक्स उचल, आणि जाताना दार ओढून घे.